स्वतःच्या हातानं किचन नवं करताना: मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

कॉन्ट्रॅक्टर न लावता किचन नवं करायला निघालेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात. ते इथे एकत्र केलेत. माझं मत आधीच सांगून टाकते: मुंबईच्या फ्लॅटमध्ये हौशी माणसाने न फोडता जेवढं बदलता येईल तेवढं हातात घ्यावं. तुमची फरशी हे खालच्यांचं छत असतं आणि तुमचा सांडपाण्याचा पाइप अख्ख्या रांगेचा असतो, त्यामुळे हातोडा उचलला की मामला तुमच्या एकट्याचा राहत नाही.

सगळं किचन स्वतः करता येतं का?

शटर बदलणं, बिजागऱ्या, हँडल, ट्रॉल्या, फळ्या, टाइल्सच्या फटींतलं जुनं ग्राउट खरवडून नवं भरणं, नळ आणि सिंकची जोडणी, सिलिकॉन, पुट्टी, रंग. एवढं कुणालाही जमतं आणि एवढ्यानेच किचन ओळखू येईनासं होतं. गॅसची लाइन, नवी वायरिंग, ग्रॅनाइट कापणं आणि फरशीखालचं वॉटरप्रूफिंग मात्र जाणत्या माणसाकडेच द्यायचं. पैसे वाचवायचे तर ते मधल्या कामांत वाचतात: सामान स्वतः आणणं, मापं स्वतः घेणं, साफसफाई आणि फिनिशिंग स्वतः करणं.

बाईमाणसाला ड्रिल झेपेल का?

हे सगळं एका बाईनेच लिहिलंय. घरगुती हॅमर ड्रिल दोनेक किलोचं असतं. पाण्याची भरलेली कळशी त्याहून जड.

सोसायटीला सांगावं लागतं का?

रंग मारायचा असेल तर नाही, पण ठोकाठोक असेल तर लेखी कळवाच. बऱ्याच सोसायट्यांत कामाच्या वेळा ठरलेल्या असतात, दुपारी आवाज बंद, रविवारी आणि सणाला काम बंद. काही ठिकाणी परत मिळणारं डिपॉझिटही घेतात. रंग, टाइल्स, शटर अशा डागडुजीला महापालिकेची परवानगी लागत नाही. भिंत हलवणं, किचनची जागा बदलणं, बाल्कनी आत घेणं हे त्यात बसत नाही. ३० वर्षांहून जुन्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. तुमच्या इमारतीचं झालं असेल तर काम काढण्याआधी सेक्रेटरींकडून तो अहवाल मागून वाचा. त्यात तुमच्याच किचनच्या बीमबद्दल काही लिहिलेलं निघू शकतं.

आणि खालच्या मजल्यावर जाऊन या. त्यांच्या किचनच्या छताचे फोटो त्यांच्यासमोर काढा आणि त्यांनाही पाठवा. पुढे ओल दिसली तर ती आधीची की आताची, यावरून भांडण होणार नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सिंक-संडासातून होणाऱ्या आतल्या गळतीची दुरुस्ती सभासदाच्याच खर्चाने होते, हेही ध्यानात असू द्या.

हॉल आणि किचनमधली भिंत पाडून ओपन किचन करायचंय. चालेल?

इमारत कसली आहे त्यावर आहे. चाळी आणि जुन्या दगड-विटांच्या इमारतींत भिंतीच वजन पेलतात. तिथे हात लावायचा नाही. आरसीसी इमारतीत कॉलम-बीमच्या मधली साडेचार इंची विटांची भिंत बहुधा नुसता आडोसा असते, तरी इंजिनिअरने पाहून लिहून दिल्याशिवाय पाडू नका. नव्या टॉवरमध्ये तिसराच प्रकार असतो. माइव्हान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या इमारतीत घरातल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या असतात आणि त्या इमारत तोलून धरतात. तिथे पाडणं दूरच, वायरसाठी खाच मारायलाही बिल्डर मनाई करतो. भिंतीवर टकटक करून सगळीकडे सारखाच भरीव आवाज येत असेल तर शंका घ्या आणि ताबा घेताना मिळालेली कागदपत्रं काढून बघा.

पावसाळ्यात काम काढावं का?

टाळा. जून ते सप्टेंबर पुट्टी सुकत नाही, प्लायवूड हवेतली ओल पितं, लॅमिनेटच्या कडा सुटतात. गणपतीच्या आधी सगळं चकाचक हवं म्हणून जुलैत काम काढणारे दरवर्षी भेटतात. त्यांनी निदान रंग दिवाळीवर ढकलावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं.

जुना कडाप्प्याचा ओटा फोडू की राहू दे?

हलत नसेल, तडे नसतील आणि उंची सोयीची असेल तर राहू दे. जुन्या ओट्यांचे उभे पाट फरशीत आणि भिंतीत पक्के रोवलेले असतात. ते उपटताना फरशीच्या खालचा थर फुटतो आणि मग वॉटरप्रूफिंगपासून सगळंच नव्याने करावं लागतं. त्याऐवजी जुन्या कडाप्प्यावरच ग्रॅनाइटचा पाट बसवता येतो. ग्रॅनाइट साधारण १८ मिलिमीटर जाड, खालचा मसाला धरून ओटा इंचभर वर येतो. बुटक्या माणसाला तेवढाही फरक खटकतो, तेव्हा आधी पुठ्ठे रचून त्यावर पोळपाट ठेवून पोळी लाटून बघा.

मग ओट्याची बरोबर उंची किती?

मुंबईत गवंडी न विचारता ३२ ते ३४ इंच धरतो. ही उंची सगळ्यांना लागू नाही. जो रोज स्वयंपाक करतो त्याला सरळ उभं करा, कोपर काटकोनात वाकवा आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली खूण करा. ओटा तिथे. कणीक मळताना अंगाचा जोर द्यावा लागतो, म्हणून मळणाऱ्याला थोडा खालचाच बरा वाटतो. उलट सिंकचा तळ ओट्याच्याही सात-आठ इंच खाली असतो, आणि भांडी घासणारीची कंबर त्या तळाशी बांधलेली असते. घरात भांड्यांना मावशी येत असतील तर त्यांनाही एकदा सिंकपाशी उभं करून विचारा. ओट्याची उंची ठरवताना त्यांना कुणीच विचारत नाही. ओट्याची रुंदी मात्र दोन फूट ठेवा, शेगड्या, सिंक, ट्रॉल्यांचे चॅनेल (म्हणजे त्या सरकतात ते रूळ) सगळं त्या हिशोबाने मिळतं.

गॅसचा पाइप थोडा बाजूला घ्यायचाय. प्लंबरला सांगू?

नाही. पाइप गॅस असेल तर महानगर गॅसकडे बदलाचा अर्ज करा, त्यांचीच माणसं येऊन करतात. पाइप भिंतीत गाडू नका, टाइलखाली झाकू नका, आणि मीटर व व्हॉल्व्ह शटरच्या मागे कोंडू नका. हात चटकन पोचला पाहिजे. सिलिंडर असेल तर वेगळी काळजी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी हवीच. पाइप गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो, म्हणून खिडकीची वरची झडप सीलबंद करू नका. सिलिंडर उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदला. जोडणी साबणाच्या फेसाने तपासा, काडी ओढून नाही. वास आला तर एलपीजीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

मायक्रोवेव्हसाठी मिक्सरच्याच प्लगला एक्स्टेन्शन लावलं तर?

लावू नका. मायक्रोवेव्ह, इंडक्शन, ओव्हन यांना १६ अँपिअरचा सॉकेट आणि पॅनेलपासून वेगळी लाइन लागते. हे काम परवानाधारक वायरमनचं. तुम्ही करायचं ते एवढंच: ओट्यावर कुठे काय बसणार हे भिंतीवर खडूने काढून ठेवायचं, म्हणजे सॉकेट शेगडीच्या डोक्यावर किंवा सिंकला चिकटून येत नाहीत. पॅनेलमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर याच वेळी बसवून घ्या. खूप काही विजेवर नेणार असाल तर मंजूर भार बिलावर बघा. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण, जो पुरवठादार असेल त्याच्याकडूनच वाढवावा लागतो.

जुन्या टाइल्सवरच नव्या लावल्या तर टिकतील?

डॅडोला, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीला, टिकतात. आधी प्रत्येक टाइलवर नाण्याने ठोका. पोकळ वाजेल ती काढून खड्डा भरून घ्या. वर्षानुवर्षांच्या फोडणीचा चिकट थर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने उतरवा, चकाकी घासून खरखरीत करा आणि सिमेंटऐवजी टाइल-ॲडहेसिव्ह वापरा. जाडी सेंटीमीटरभर वाढते, त्यामुळे स्विचबोर्डांना लांब स्क्रू लागतील आणि नळाला एक्स्टेन्शन निपल, म्हणजे नळ पुढे आणणारा छोटा जोडतुकडा. ते टाइल्सबरोबरच आणून ठेवा, नाहीतर भिंत तयार आणि नळ आत, असं होतं. फरशीवर फरशी चढवण्याआधी मात्र विचार करा. दरवाजा घासतो, उंबरा बुडतो आणि स्लॅबवर वजन वाढतं.

प्लाय कोणतं घ्यावं?

दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणेल, तुम्ही शिक्का बघा. आयएस म्हणजे भारतीय मानक; आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. ते ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासलेलं असतं. आयएस ३०३ स्वस्त, ते वरच्या कपाटांना पुरतं. १८ मिलिमीटर जाडी घ्या. पाणी प्लायच्या पाठीतून शिरत नाही, कापलेल्या कडेतून शिरतं. म्हणून प्रत्येक कड बंद करायची, दिसत नसलेलीसुद्धा, आणि सिंकच्या कप्प्यात तर पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कडही. सिंकखाली प्लायऐवजी डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकचा) बोर्ड घेतला तर तो फुगत नाही, पण स्क्रू जरा ढिला धरतो.

आणि एक अस्सल मुंबईची अडचण: आठ बाय चारचा प्लाय लिफ्टमध्ये मावत नाही. तीस किलोंच्या पुढचा तो ताव सातव्या मजल्यावर जिन्याने चढवायची मजुरी ऐकून घाम फुटतो. मोठ्या दुकानांत पॅनेल-सॉवर मापात कापून मिळतं. घरी कागदावर कटिंगचा नकाशा काढा, दुकानातच तुकडे करून घ्या. काटकोन पक्के मिळतात, घरात भुसा होत नाही आणि माल लिफ्टने येतो.

मापं घेऊनही शटर तिरकी का दिसतात?

कारण भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतात. कोपऱ्यात गुण्या लावून बघा, उजेड दिसेल. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यांत लहान माप धरा. उरलेली फट भिंतीलगत पट्टीने झाकतात. कपाट भिंतीला समांतर बसवायचं नाही. ओळंबा आणि लेव्हल सांगतील तसं बसवायचं. मग बिजागरीचे स्क्रू फिरवून शटर वर-खाली आणि आत-बाहेर सरकवता येतं.

ट्रॉलीचं स्टील चांगलं आहे हे चुंबकाने कळतं का?

नाही, आणि दुकानात चुंबक लावून दाखवणाऱ्यावर तर विश्वासच ठेवू नका. चांगल्या ३०४ ग्रेडला चुंबक चिकटत नाही आणि स्वस्त २०२ लाही चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागा, लिहायला कुरकुर केली की समजून जा. मुंबईच्या खाऱ्या हवेत २०२ च्या जोडांवर लवकरच तांबूस ठिपके येतात. चॅनेल घेताना कपाट आतून किती खोल आहे ते मोजा. बाहेरून मोजून आणलेलं चॅनेल मागे पाइपला अडतं.

वरची कपाटं पडणार तर नाहीत ना?

भिंत कशाची आहे ते ड्रिलच्या पहिल्या भोकातून कळतं. लाल पूड आली तर वीट, हाताने दाबल्यासारखं ड्रिल आत गेलं आणि पांढुरका भुसा आला तर सिपोरेक्ससारखा हलका ब्लॉक, अडून बसलं तर काँक्रीट. विटेला भोकात स्क्रूआधी बसवायचं ८ मिलिमीटरचं चांगलं प्लग पुरतं. हलक्या ब्लॉकमध्ये साधं प्लग नुसतं फिरतं. तिथे त्या ब्लॉकसाठीचंच लांब प्लग घ्या, किंवा भिंत पातळ असेल तर आरपार बोल्ट. कपाटाचं वजन कडेच्या दोन स्क्रूंवर सोडू नका, मागे आडवी पट्टी मारून तिला टांगा. नळाच्या सरळ वर-खाली आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर भोक पाडायचं नाही, पाइप आणि वायर बहुधा त्याच रेषेत असतात.

सिंकखाली थेंब थेंब गळतंय, घट्ट आवळलं तरी.

जास्त आवळल्यानेच वॉशर फाटला असेल. खोलून बघा. पितळी जोडाला टेफ्लॉन टेप लावताना आटे आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर आवळताना सुटून गोळा होते. सिंकखालच्या प्लास्टिकच्या बॉटल ट्रॅपला (पाणी धरून वास अडवणाऱ्या बाटलीसारख्या भागाला) टेप लागत नाही, तिथे वॉशर सरळ बसला पाहिजे आणि हाताने आवळणं पुरतं. काम काढण्याआधी घरातला मुख्य कॉक खरंच बंद होतो का ते तपासा. जुन्या इमारतींत तो फिरतो पण पाणी थांबत नाही, मग गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला वॉचमनला गाठावं लागतं. ते सकाळी पाण्याच्या वेळेला जमत नाही, दुपारी जमतं.

ओटा आणि टाइल्सच्या सांध्यात ग्राउट भरतो, दर वर्षी तडकतं. का?

तिथे ग्राउट भरायचंच नसतं. ओटा एक वस्तू, भिंत दुसरी. कुकर आपटला, खलबत्ता कुटला की ओटा हलकासा हलतो आणि कडक ग्राउटला भेग पडते. त्या भेगेतून पाणी मागे झिरपतं. झुरळांचा रस्ताही तोच. तिथे लवचीक सिलिकॉन लागतं.

जुनं ग्राउट आरीच्या तुटक्या पात्याने खरवडा, ब्रशने धूळ काढा आणि रात्रभर सुकू द्या. ओलसर दगडावर सिलिकॉन धरत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. नळीचं तोंड तिरकं आणि बारीक कापा, एका दमात शेवटपर्यंत ओढत न्या. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकदाच फिरवा, पुन्हा पुन्हा चोळायचं नाही. आणि वर साय धरायच्या आत टेप ओढून काढा. चोवीस तास पाणी नको. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं आणि बुरशी-प्रतिबंधक घ्या. व्हिनेगरसारखा वास येतो ते ॲसिटिक, त्याने संगमरवर आणि काही दगडांवर डाग पडतात.

चिमणीचा पाइप डक्टमध्ये सोडला तर?

शेजारच्यांच्या बाथरूममध्ये तुमची मासळी शिजेल. खिडकीच्या काचेत गोल भोक करून थेट बाहेर न्या, जितका आखूड आणि जितकी कमी वळणं तितकी ओढ चांगली. शेगडीपासून उंची २६ ते ३० इंच.

वास्तूप्रमाणे सिंक आणि शेगडीची अदलाबदल करायची आहे.

शेगडी सरकवा, सिंक जागेवर ठेवा. सांडपाण्याच्या पाइपला उतार हवा असतो, तो वास्तू बघत नाही.

खर्चाची तुलना कशी करायची?

सुतार चौरस फुटावर भाव सांगतो, मॉड्युलरवाला रनिंग फुटावर, आणि दगडवाला दगड चौरस फुटाने देऊन मोल्डिंग (कडेची गोलाई) रनिंग फुटाने आणि सिंकचं भोक वेगळं लावतो. तेव्हा तिघांनाही एकच रेखाटन द्या आणि एकूण रक्कम मागा. सुताराच्या भावात बिजागऱ्या-चॅनेल धरले आहेत का आणि आतलं लॅमिनेट कितीचं आहे, हे विचाराच. सामान स्वतः आणायचं तर हार्डवेअर आणि हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट, स्विच-वायरसाठी लोहार चाळ. रविवारी तिथे जाऊ नका.

राबिट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, कुठे टाकायचं?

सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत, निम्म्याच भरून, नाहीतर उचलता येत नाहीत. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात नाही आणि रात्री नाल्याकाठीही नाही, त्याला दंड आहे. महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे, तुमच्या वॉर्डातून तिची नोंदणी करा.

मधल्या दिवसांत जेवायचं काय?

हॉलमध्ये इंडक्शन, वरण-भात घरी, पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून. भांडी बाथरूममध्ये. घरात म्हातारं माणूस असेल तर धुळीच्या दिवसांत त्यांना लेकीकडे पाठवा.

बहुतेक झालंय, पण शेवटचं काही केल्या उरकत नाही.

सगळ्यांचं इथेच अडतं. कपाटं लागली, गॅस सुरू झाला, डबे आत गेले की उरलेली एक पट्टी, दोन हँडल आणि सिंकमागचं सिलिकॉन वर्षभर तसंच राहतं. त्यावर एकच उपाय मला लागू पडलेला दिसतो: डबे आत ठेवायचेच नाहीत. हॉलमध्ये अडगळ होऊ द्या, घरचे टोचत राहतील. तेवढ्यात सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि ट्रॅपखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा, एक थेंबही दिसला तर जोड खोला. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. प्रत्येक ट्रॉली भरलेल्या डब्यांनी जड करून ओढा. शटरच्या फटी उभ्याने आणि बसून, दोन्हीकडून बघा. हे सगळं झालं की डबे आत.

उरलेल्या मालाचं काय?

टाइल्सची निदान अर्धी पेटी ठेवा, तीच छटा पुन्हा मिळत नाही. रंगाचा डबा फेकला तरी त्यावरचा शेड नंबर कपाटाच्या आत लिहून ठेवा. भिंत बंद करण्याआधी पाइप-वायरींचे मोजपट्टी लावून काढलेले फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनवर टाका. सिंक कापून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा दगडवाल्याकडून मागून घ्या. तो तुमच्याच पैशांचा आहे आणि पोळपाटाएवढा घासून दिला तर गरम पातेलं उतरवायला रोज लागतो.